पोराला बरोबर ने

सातारा,
रविवार, दुपार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आलं तेव्हापासून ते डोक्यातून जाईना. फोन करणार होतो, पण फोनवर आपण लगेच तब्येती आणि पावसापाण्यावर येतो आणि मूळ विषय राहून जातो. हा राहून जाऊ नये, म्हणून वही ओढली.

तू लिहिलंस की चिरंजीव हॉस्टेलवर गेल्यापासून मोबाइलवर 'खरा पुरुष कसा असतो' छापाचे व्हिडिओ तासन्तास बघतो. पहाटेची गार पाण्याची अंघोळ, जबड्याची ठेवण, घड्याळ कुठलं, अत्तर कुठलं, मनातलं कुणाला सांगायचं नाही, आणि बाईमाणसाला तिच्या जागेवर ठेवायचं. हे शेवटचं वाचून तू घाबरलास. मीही घाबरलो. तरी त्याच्यावर चिडू नकोस. एकोणीस वर्षांचा मुलगा 'मी चांगला पुरुष कसा होऊ' असं विचारतोय, आणि हा प्रश्न त्या वयात पडायलाच हवा. घरात त्याला उत्तर मिळालं नाही, म्हणून तो बाहेर शोधतोय.

तुझ्यामाझ्या वडिलांनी तरी आपल्याला कुठे काय सांगितलं? अण्णांनी मला कधी समोर बसवून दोन शब्द ऐकवल्याचं आठवत नाही. पण ते बरोबर न्यायचे. लग्नाला, बाराव्याला, दवाखान्यात, बँकेत, कुणाची भाऊबंदकी मिटवायला. आपण कोपऱ्यात उभे राहून बघायचो आणि मग कधीतरी कुणीतरी हातात बादली नाहीतर दोरी द्यायचं. आपल्या पोरांना आपण क्लासला सोडलं, मैदानावर सोडलं, स्टेशनवर सोडलं. बरोबर कुठे नेलं? मला या सगळ्या प्रकरणात ही एकच गोष्ट खरी अडचणीची वाटते.

तुला आठवतं का, कॉलेजात असताना तुमच्या वाड्यातले मागच्या खोलीतले आजोबा गेले, तेव्हा तुझ्या तात्यांनी आपल्या दोघांना सोबत घेतलं होतं. त्या दिवशी तात्या काय काय करत होते ते आता उलगडतं. डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला घ्यायला एकाला पिटाळलं, कारण त्याच्याशिवाय स्मशानात पुढचं काही होत नाही. दुसऱ्याला बांबू, कामट्या, सुतळी, कडबा, मडकं, गोवऱ्या, पांढरं कापड आणायला धाडलं. कोणत्या नातेवाइकाला यायला किती वेळ लागेल याचा हिशेब मनात करून निघायची वेळ ठरवली. मग स्वतः अंगणात उकिडवे बसून तिरडी बांधली. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, प्रत्येक गाठ ओढून बघायची, मध्ये झोळ पडता कामा नये. खांदा द्यायला उंचीला उंची जुळणारी माणसं समोरासमोर लावली आणि वाटेत न बोलता खुणेने खांदे बदलायला लावले. आत आजी एकट्या पडू नयेत म्हणून शेजारच्या काकूंना आधीच बसवून ठेवलं होतं, आणि संध्याकाळी त्या घरी पिठलं-भात कुणाकडून जाणार हेही ठरलेलं होतं. त्या घरातल्या माणसांना दिवसभरात एकही निर्णय घ्यावा लागला नाही. रडायला त्यांना मोकळीक मिळाली ती तात्यांमुळे.

आता शहरात सगळं सामान एका दुकानात बांधून मिळतं, शववाहिका येते, विद्युतदाहिनी असते. तरी दाखला लागतोच, मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागतेच, आणि घरात सुन्न बसलेल्या माणसाला यातलं काही सुचत नाही तेही तसंच आहे. अशा वेळी कागदपत्रांची पिशवी उचलून 'हे मी बघतो' म्हणणारा एक माणूस लागतो. तुझ्या लेकाने तो माणूस व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

पण इथे एक गोष्ट अशी आहे जी तात्यांनी केली नाही आणि आपल्या मुलांनी केलीच पाहिजे. त्या दिवशी ओसरीवर आजींच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. आपण दाराबाहेर उभे होतो. बाहेरचे सगळे पुरुष कर्तबगार आणि भले, आणि आत जे चाललं होतं ते बायकांचं म्हणून कुणी त्यात पडलं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर असतो. प्रत्यक्ष त्या घटकेला आत जाऊन 'काकू, हे करायचं नाही' असं शांतपणे म्हणणारा घरातला किंवा शेजारचा कुणीतरी लागतोच. तिरडीची गाठ ज्याला मारता येते त्याचं म्हणणं त्या वेळी लोक ऐकतात, कारण सकाळपासून तो राबलेला असतो. जुन्या कसबांचा खरा उपयोग मला इथे दिसतो. १८९० साली जोतीराव फुले गेले, तेव्हा दत्तक मुलगा यशवंत याच्या हक्कावरून वाद निघाला. सावित्रीबाईंनी टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेत पुढे धरायचं विस्तवाचं मडकं, स्वतः हातात धरलं, त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नी दिला. त्या गर्दीत त्यांना वाट करून देणारे पुरुषही असतील. तसं वाट करून देणं तुझ्या लेकाला यायला हवं.

आता पंगतीचं. तू म्हणशील बुफेच्या जमान्यात पंगत कुठली. आमच्याकडे उत्सवात अजून बसते, गावाकडे तर बसतेच. वाढप्याचं काम पोराला एकदा तरी करायला लाव. आधी मीठ, मग लिंबू. डाव्या हाताला चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी आणि आमटी. मग भाताची मूद, वरण आणि तूप. क्रम पाठ व्हायला वेळ लागत नाही. अवघड असतं ते पुढचं. वाकून चालत असताना ओगराळ्यातून थेंब सांडायचा नाही, आणि नजर पुढच्या दहा पानांवर ठेवायची: कुणाचं वरण संपलंय, कोण संकोचाने मागत नाहीये, कुठल्या आजींना पोळी चावत नाही म्हणून नुसता भातच वाढायचा, कुठल्या लहानग्याला आमटी तिखट लागलीय. आग्रह करायचा, पण समोरच्याने पानावर हात आडवा धरला की पुढे सरकायचं. शेवटच्या पंगतीला स्वतः बसायचं, आणि तोवर जिलेबी संपली असेल तर त्याबद्दल बोलायचं नाही.

मला हे फार मोलाचं वाटतं. समोरच्याला काय हवंय ते त्याने तोंड उघडायच्या आत ओळखणं, ही सवय एकदा अंगात भिनली की ती ऑफिसात, संसारात, बसच्या रांगेत सगळीकडे बरोबर येते. ज्या मुलाची नजर पंगतीत तयार झाली, त्याला 'बायकोला दमलेलं कसं ओळखायचं' हे शिकवावं लागणार नाही. आणि अगदी साधा फरक: ते व्हिडिओ बघताना पोरगा सगळा वेळ स्वतःकडे बघत असतो. पंगतीत त्याला स्वतःकडे बघायला वेळच मिळत नाही.

कपड्यांबद्दल तू विचारलंस, त्याचं थोडक्यात लिहितो. शर्टाचं बटण लावता यावं, इस्त्री करता यावी, बुटाला पॉलिश असावं, नखं स्वच्छ असावीत. फेटा बांधता आला तर उत्तम, लग्नघरात दहाजणांचा खोळंबा वाचतो. अत्तराचं त्याचं त्याने बघावं.

पैशाचंही लांबवत नाही, पण हे नक्की सांग. उसने घेतलेले पैसे समोरच्याने आठवण करायच्या आत परत द्यायचे, रक्कम चहाची असली तरी. महिन्याचा जमाखर्च लिहायचा. आणि कमवायला लागल्यावर विमा, खाती, पासवर्ड यांची माहिती घरच्यांना असायला हवी. मृत्युपत्राला तर आपल्याकडे माणसं अपशकुन मानतात. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. सही आणि दोन साक्षीदार पुरतात. तेवढं न केल्यामुळे भावाभावांची तोंडं बंद झालेली घरं तुझ्यामाझ्या माहितीत आहेत. तू अजून केलं नसशील तर आधी तू कर, आणि ते करताना पोराला शेजारी बसव.

आता मनातलं न दाखवण्याबद्दल. त्याला गोखले आणि टिळकांची गोष्ट सांग, पण शाळेच्या पुस्तकातल्यासारखी नको. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. वय एकतीस. पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोऱ्या सैनिकांनी घराघरांत घुसून लोकांना छळलं होतं. स्त्रियांवरच्या अत्याचाराच्या बातम्या गोखल्यांना पुण्याहून पत्रांनी कळल्या, आणि त्यांनी त्या तिथल्या वर्तमानपत्राला सांगितल्या. मोठा गदारोळ झाला, पुरावा मागितला गेला. ते परत आले तोवर प्लेगच्या बंदोबस्तावरचा गोरा अधिकारी रँड याचा खून होऊन गेलेला, शहर दहशतीखाली, साक्ष द्यायला कुणी पुढे येईना. तेव्हा त्यांनी आडवळण न घेता जाहीर माफी मागितली. ज्यांनी पत्रं लिहिली त्यांची नावं मात्र उघड केली नाहीत. सगळा दोष स्वतःवर घेतला. लोकांनी भेकड म्हटलं, आपल्याच माणसांनी म्हटलं. एक नाव सांगितलं असतं तर भार निम्मा झाला असता. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात धीराची कृती होती, कौन्सिलातल्या भाषणांपेक्षाही. माफी अशी मागावी: 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' असली पळवाट न ठेवता, आणि दुसऱ्याला पुढे न ढकलता.

आणि पुढचं. टिळक आणि गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीत बरोबर होते. टिळक १८९० मध्ये बाहेर पडले आणि त्यानंतर पंचवीस वर्षं दोघांचं राजकारणात पटलं नाही. 'केसरी'ने गोखल्यांवर किती कडक लिहिलंय ते तुला माहीत आहे. १९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले. टिळक सिंहगडावर होते, तिथून पुण्यात आले आणि स्मशानात बोलायला उभे राहिले. जमावातल्या काहींनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा टिळकांनी त्यांना थांबवलं आणि ही टाळ्या वाजवायची नाही, अश्रू ढाळायची वेळ आहे असं सुनावलं. मग आयुष्यभराच्या विरोधकाला त्यांनी भारताचा हिरा म्हटलं. पोराला हे जरूर सांग. लोकमान्यांपेक्षा कणखर पुरुष त्या व्हिडिओवाल्यांना दाखवता येणार नाही, आणि त्या माणसाने भर स्मशानात लोकांना रडा म्हणून सांगितलं.

क्रिकेटचं वेड असेल त्याला, तर अजून एक. वानखेडे, फेब्रुवारी १९८०, बोर्डाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी. इंग्लंडची पहिली फळी कापून काढलेली. बॉब टेलरला पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिलं. बॅट लागली नव्हती असं आपल्या कर्णधाराला, गुंडाप्पा विश्वनाथला, वाटलं, आणि त्याने टेलरला परत बोलावलं. टेलरने ४३ केल्या, बोथमबरोबर १७१ धावांची भागी केली, बोथमने शतक ठोकलं आणि तेरा बळीही घेतले. आपण दहा गडी राखून हरलो. हरलो हा भाग गाळून सांगू नकोस. पोरांना आपण नेहमी 'चांगलं वागलास तर चांगलं होईल' असं शिकवतो, ते खोटं आहे हे त्यांना दोन वर्षांत कळतं आणि मग ती आपलं बाकीचंही ऐकत नाहीत. त्यापेक्षा हे सांगावं की विश्वनाथला किंमत मोजावी लागली आणि तरी त्याने केलं ते बरोबर होतं.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, तिकडे येतो. आपल्या वडिलांनी आपल्याला सगळीकडे नेलं, दोन ठिकाणं सोडून: स्वयंपाकघर आणि आजाऱ्याची खोली. ती आईची होती. अण्णांना अर्धांगवायू झाला तेव्हा आई स्वतः थकलेली होती आणि सगळं माझ्यावर आलं. दवाखान्यातली एक मावशी काही दिवस घरी यायची, तिने मला हाताला धरून शिकवलं. माणूस अंथरुणावर असताना चादर कशी बदलायची: त्याला एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर लांबीत गुंडाळत त्याच्या पाठीशी आणायची, नवी तिथपर्यंत पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर घेऊन जुनी काढायची आणि नवी ताणायची, सुरकुती राहू द्यायची नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा, माकडहाड, कमरेची दोन्ही हाडं रोज नीट बघायची, बेडसोर तिथून सुरू होतो. भरवताना पाठ सरळ, आणि भरवून झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. हात लावायच्या आधी सांगायचं, 'अण्णा, आता उजवीकडे वळवतोय'. दार लोटून घ्यायचं.

दाढी मी करायचो. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल आधी ठेवायचा, डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणून धरायची, हनुवटीखाली उलटा हात कधी मारायचा नाही. आयुष्यभर मला ज्यांची भीती वाटली त्या माणसाने डोळे मिटून गळा माझ्या हाती दिलेला असायचा. आम्ही दोघं त्या काळात जेवढं बोललो तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत बोललो नव्हतो. हे काम पुरुषाचं नाही असं कुणी तुझ्या लेकाला सांगत असेल, तर त्याला माझ्याकडे पाठव, मी सांगतो.

किळस येते, भीती वाटते, हे त्याच्यापासून लपवू नकोस. बाबा आमटे वरोऱ्यात वकील होते, चांगले धाडसी म्हणून नाव होतं. पावसात पडलेला महारोगी बघून ते आधी भीतीने पळून गेले होते. ती भीती त्यांना सहन झाली नाही म्हणून परत फिरले, आणि पुढे आनंदवन उभं राहिलं. भीती वाटणारच. परत फिरायचं असतं.

स्वयंपाकघराची यादी फार मोठी नको. वरण-भात, पिठलं, मुगाची खिचडी, तापातल्या माणसासाठी मेतकूट-मऊभात. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ, घोट घोट पाजायचं, हे पाठ हवं. आणि भांडी घासून ओटा पुसेपर्यंत स्वयंपाक संपला असं समजायचं नाही. हे वहिनींना मदत म्हणून करायचं नाही, जेवतो म्हणून करायचं. तो सुट्टीला आला की पहिल्या दिवसापासून एक वेळचं त्याच्याकडे दे, आणि तू त्याच्या शेजारी उभा राहा. तूही शीक. तुला चहापलीकडे काही येत नाही हे त्याने लहानपणापासून पाहिलंय.

व्हिडिओ बंद कर असं त्याला सांगू नकोस, उपयोग होणार नाही. बाईमाणसाच्या जागेचं जे म्हणणं आहे त्यावर मात्र एकदा स्पष्ट बोल, गप्प बसू नकोस; तुझं गप्प बसणं तो होकार समजेल. आणि मित्रांच्या ग्रुपवर एखाद्या मुलीबद्दल घाण काही आलं तर 'हे इथे नको' एवढे तीन शब्द लिहायचे, हे त्याला सांग. त्या वयात याला थंड पाण्याच्या अंघोळीपेक्षा कितीतरी जास्त हिंमत लागते.

तुझे थोरले काका डायलिसिसला जातात असं तू लिहिलंयस, आणि त्यांच्याबरोबर बसायला कुणी नसतं असंही. दिवाळीच्या सुट्टीत एका खेपेला तू आणि पोरगा दोघं जा. रिक्षातून उतरवताना काकांचा हात त्याला धरू दे, फाइल त्याच्याकडे दे, चार तास तिथेच बसा. मोबाइल बघेना का मधूनमधून. पुढच्या वेळी त्याला एकट्याला पाठव.

आणि तुळशीच्या लग्नाला आमच्या गल्लीत पंगत आहे, वाढायला माणसं कमी पडतात. त्याला दोन दिवस इकडे धाड. तूही ये, तुझ्याशी निवांत बोलायचं आहेच. गुडघ्याचं काय केलंस ते लिही. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद, काकांना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझाच,
खोली नंबर सातमधला सोबती